शेंबड्याची खोली

मुलाने मांजराचं पिल्लू आणलं आणि कोंडलं मात्र मला.

"आई, बाबा गेल्यापासून तू एकटी पडलीस, तुला सोबत," असं म्हणत त्याने मूठभर जीव माझ्या मांडीवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी पिल्लू शिंकायला लागलं. नाक गळतंय, डोळे चिपडांनी मिटलेले. मी नाव ठेवलं शेंबड्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी श्वासनलिकेचा संसर्ग सांगितला आणि हुकूम सोडला: दोन आठवडे वेगळी खोली, एकाच माणसाने हात लावायचा, आणि त्या माणसाने घरभर फिरायचं नाही. कारण सुनेची बारा वर्षांची मांजर. घरात तिचा मान माझ्या वरचा. तिला लागण झाली तर झेपायची नाही.

एक माणूस कोण, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते ना मी.

तेव्हापासून माझी खोली, तिला लागून बाथरूम आणि दाराबाहेर स्टुलावर माझं ताट, एवढंच जग. मुलगा दाराआडून उंटावरून शेळ्या हाकायचा. "आई, वाफ दिलीस का?" दिली. गरम पाण्याचा नळ सोडून बाथरूमचं दार लावायचं आणि पिल्लू मांडीवर घेऊन वाफेत बसायचं. कोमट कापसाने डोळे पुसायचे, थेंब घालायचे, औषध पाजायचं. एक वेळ चुकवली नाही. आणि दिवसातून तीनदा फरशी फिनाईलने पुसायची, खिडकी घट्ट बंद. जित्याची खोड. माझ्या वॉर्डात माशीसुद्धा विचारून शिरायची.

पण शेंबड्या खाईना. बशी पुढे केली की तोंड फिरवून पलंगाखाली जायचा. चौथ्या दिवशी सकाळी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला. मी फोन केला. "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नळी घालावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला ती सोसेलच असं नाही. मी येतेच."

दुपारी त्या आल्या आणि दारातच थबकल्या. "काकू, फिनाईल?"

"दिवसातून तीनदा," मी ऐटीत सांगितलं.

"मांजराला ते विष असतं. वासानेही छाती भरते. आणि मांजर वास आल्याशिवाय खात नाही हो. याचं नाक आधीच चोंदलंय, त्यात हे. पुढ्यात खाणं आहे हेच त्याला कळत नसेल."

माझ्या मुलाहून लहान पोरगी. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

त्या गेल्यावर मी खिडकी सताड उघडली आणि साध्या पाण्याने चार वेळा फरशी पुसली. सुनेने स्टुलावर उकडलेला गरम मासा ठेवला. "आई, वास सोसेल ना?" मासा शिजताना घरभर उदबत्त्या लावत फिरणारी मी. तो तळहातावर कुस्करला आणि शेंबड्याच्या नाकाशी धरून बसले. हात भरून आला. शेवटी त्याने नाक हलवलं, एकदा चाटलं, मग पुन्हा. खरखरीत जिभेने तळहात साफ करून टाकला.

"खातोय," मी दाराशी जाऊन सांगितलं. पलीकडे दोघं खूश झाली.

माझं मात्र लक्ष पलंगाकडे गेलं. ह्यांचं शेवटचं आजारपण याच खोलीत झालं. ताट सरकवून म्हणायचे, "दवाखान्याचा वास येतो गं, घास उतरत नाही." मी म्हणायचे, नाकाने कांदे सोलू नका, चार घास गिळा. आणि पुन्हा फडकं फिनाईलच्या बादलीत बुडवायचे. नंतर त्यांनी तक्रार करणंच सोडलं. मला वाटलं होतं, वळण लागलं.

"आता दहाच दिवस, आई," मुलगा म्हणाला. मला हुंदका आवरेना. सुनेला वाटलं, पिल्लू वाचलं म्हणून रडतेय. तिला आत यायची मनाई होती, हेच बरं होतं.