दाराच्या पोटातली बुरशी

ती ऑपरेशन थिएटरातली नर्स. चिमट्याला चुकून बोट लागलं तरी तो पुन्हा निर्जंतुक करायला पाठवणारी. आणि तिच्याच घरात, तिने हौसेने मांडलेल्या बिअरच्या फ्रिजात बुरशी! जाईना म्हणजे जाईनाच.

फ्रिज जुना होता. नवऱ्याने दाराला भोक पाडून नळ बसवला होता, आत तिने घरी केलेल्या बिअरचं पिंप. आधी नाक मुरडणारे सासरेही हल्ली "जरा चव बघू का?" म्हणत पेला पुढे करायचे. पण भिंतींना सारखा घाम फुटायचा, दाराच्या रबरावर काळे ठिपके उमटायचे. तिने व्हिनेगरने पुसलं, ब्लीचने घासलं, तळाचं पाणी टिपलं. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

नणंदेला बढती मिळाली होती. ती रविवारी खास वहिनीच्या हातची बिअर प्यायला येणार होती. त्याच सकाळी फ्रिज उघडला, तर नळाच्या मुळाशी पांढरी लव आणि कुबट वास.

"वरवर पुसून टाक की," नवरा म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!"

ती तिरमिरीत पाना घेऊन बसली. नळ सोडवला. दाराच्या पोकळीत बोट घातलं, तर काहीतरी गिळगिळीत लागलं. जोर लावून ओढलं, तर ओलंकिच्च, हिरवंकाळं फडकं बाहेर आलं. नीट पाहिलं, तर ते नवऱ्याचं जुनं बनियन होतं.

"हे काय आहे?"

"अगं, नळाभोवती फट राहिली होती. म्हटलं, तात्पुरतं..."

"मी विचारलं होतं तुला, फट नीट बुजवलीस ना? तू म्हणालास, एकदम पक्की!"

"पक्कीच होती. काढायला किती जोर लागला बघ."

सासरे हसू दाबत बाहेर सटकले.

तिला रडू आलं, रागाचं. इतके महिने ती आतून घासत राहिली, आणि बाहेरची दमट हवा त्या चिंधीतून आत शिरून थंड भिंतींवर पाणी होऊन बसत होती.

तिने पिंपापासून नळापर्यंतची जुनी नळी फेकून नवी लावली, नळ उकळत्या पाण्यातून काढला, फट सिलिकॉनने भरली. हवा फिरती राहावी म्हणून आत छोटा पंखा बसवला. सिलिकॉन वाळेपर्यंत फ्रिज बंद. नणंदेपुढे दुकानातल्या बाटल्या आल्या.

"वहिनी, तुझी कुठंय?"

"तुझ्या भावाला विचार."

भावाने घाईघाईने बढतीचा विषय काढला.

त्यानंतर बुरशी आली नाही. ती मात्र येता-जाता रबराची घडी ताणून बघायची. कोरडी. एकदा नवरा मागे येऊन उभा राहिला.

"बघ, झालं की नाही ठीक?"

"झालं नाही," ती म्हणाली. "केलं. मी."

तो हसला. तिने दार लावून घेतलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात उतरवायची तिची इच्छाही नव्हती.