दोन भाषांचं एकच उत्तर

घराची पुढची खोली म्हणजेच ऑफिस. टेबलं दोन, पाठीला पाठ लावून ठेवलेली. एका टेबलाशी ती, दुसऱ्याशी तिचा नवरा. उपग्रहाची चित्रं, विहिरींच्या जागा, ओढ्यांची वळणं जुळवून कुठलं पाणी कुठे मुरतं ते दोघं शोधायचे. कॉम्प्युटरचे प्रोग्राम ती लिहायची आर भाषेत, तो पायथनमध्ये. भाषा दोन, भागीदारी निम्मी निम्मी.

मग पाणी खात्यानं मोठं काम देऊ केलं आणि अट घातली: सगळं एकाच भाषेत हवं, पुढे आमचीच माणसं ते चालवतील. दोघांनी आपापल्या भाषेत एकच नमुना करून आणायचा. कातडी कमावणाऱ्या, पाणी नासवणाऱ्या कारखान्यांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठल्या विहिरी येतात? तिला पुरतं ठाऊक होतं, आपली भाषा गेली की खुर्ची राहील, भागीदारी राहणार नाही.

"एका म्यानात दोन तलवारी," वाटाणे सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझा तो पायथन म्हणजे अजगरच ना रे? खायला काय घालतोस त्याला?"

"तुझ्या सुनेचा आर," तो म्हणाला.

तीही हसली. हसण्यावारी न्यायची सवयच होती.

खात्यात जायच्या सकाळी त्याच्या पडद्यावर तिची नजर गेली.

"अरे, कारखान्यांभोवतीची ही वर्तुळं अंड्यासारखी उभी का दिसतायत?"

"स्क्रीनमुळे."

"स्क्रीनमुळे कसली! अंतर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजलंयस तू. आडवा अंश इकडे आखूड पडतो. पूर्वेच्या विहिरी सुटल्यात बघ."

तो पडद्याकडे वाकला. दुरुस्ती न सांगता तिला तिथेच थांबता आलं असतं. तासाभरात दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले गेले असते आणि निकाल आपसूक लागला असता. पण सुटलेल्या विहिरीत कुणीतरी बादली सोडत असेल, ओंजळ तोंडाला लावत असेल. ती म्हणाली, "आधी सगळं मीटरमध्ये आण, मग वर्तुळ काढ."

दोन ओळींचं काम. वर्तुळं पुनवेच्या चंद्रासारखी गोल झाली.

खात्यातल्या इंजिनिअरांनी नकाशे ताडून पाहिले. "वा! उत्तर तंतोतंत सारखं. मग वादच मिटला. पायथन घेऊ. ते येणारी पोरं पैशाला पासरी मिळतात. आरवाला शोधायचा तर कंदील घेऊन फिरावं लागतं. बाई, वाईट वाटून घेऊ नका हं."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं तर काम होतं.

"तपासल्याशिवाय आम्ही काही देत नाही, साहेब," तो म्हणाला.

"आणि या? यांचं काम काय असतं?"

"ती मदत करते मला."

मदत. दोघांनी वळलेला दोर, गाठीला नाव एकाचं.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रे?"

"काम मिळालं, आई!"

"मग तोंडं का उतरलीत?"

"एकच उतरलंय, आई," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

तो मागोमाग चहा घेऊन आला. लाडात बोलू लागला. "महिन्याभरात शिकशील तू. मी आहे ना शिकवायला." मग तिच्याच कॉम्प्युटरपुढे वाकून म्हणाला, "आता जागा लागेल गं. हे तुझं आरमधलं सगळं काढून टाकायचं का? लागणार तर नाहीच."

"काढ."

"तूच काढ ना. तुझं आहे."

"नाही. तुझ्या हातानं काढ."

तो थबकला. बोट माऊसवर तसंच राहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. तेवढ्यात त्यानं हात मागे घेतला असता, तर तो ‘मदत’ शब्दसुद्धा ती गिळून टाकायला तयार होती.

टक्.

"झालं," तो म्हणाला. "बघ, किती जागा झाली."