पांढऱ्या चौकोनातला बैल

"हा बैल आहे का फ्रीज?" गार्गी म्हणाली.

पडद्यावर खामगावच्या बाजारातला रस्ता होता. त्यावरून एक पांढरा चौकोन सरकत होता आणि चौकोनाच्या आत कपाशीची गाडी ओढणारा, काजलने काढलेला बैल होता.

"माह्या बैलामागं पांढरं नव्हतं. म्या पेनड्राइव्हात चांगले दिले होते," काजल म्हणाली.

"मग काय मी रंगवलं?"

जिल्ह्याच्या गेम-स्पर्धेसाठी पाच वाजेपर्यंत फाइल पाठवायची होती, तीही चाळीस एमबीच्या आत. साडेतीन वाजले होते. प्रोग्राम गार्गीचा, चित्रं जळगाव जामोदहून येणाऱ्या काजलची. दोघी अकरावीतल्या. महिनाभर माझ्या क्लासमधल्या संगणकापुढे शेजारी बसल्या, पण गार्गीने काजलच्या बोलण्याची नक्कल केली त्या दिवसापासून एकमेकींशी सरळ बोलल्या नव्हत्या.

"सर, मी तिची चित्रं काढून टाकते. नेटवर तयार बैल मिळतो. मग तिचं नावही नको."

काजल ताडकन उठली. "नाव काढून तर पाह्य बे!"

मी तिला बसवलं. "गार्गी, चित्रांना तू हात लावला होतास का?"

"फक्त लहान केली. गेम शहात्तर एमबी होत होता. पीएनजी होती, सगळी जेपीजी केली. जुनी डिलीट केली, पेनड्राइव्हवरचीही."

"जेपीजीत रिकामी जागा ठेवताच येत नाही, बेटा. बैलाभोवती काहीच नव्हतं, तिथे जेपीजीने पांढरा रंग भरला. आता परत पीएनजी केलंस तरी पांढरं जाणार नाही. किती वाचले?"

"चार एमबी."

"आणि आवाज केवढा आहे?"

गार्गीने माऊस माझ्याकडे सरकवला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात जाऊन मशीनची घरघर तिनेच साडेपाच मिनिटं रेकॉर्ड केली होती. मी फाइल उघडून दाखवली. वेव्ह फाइल, अठ्ठावन्न एमबी.

"क्वालिटी जाऊ नये म्हणून," ती पुटपुटली.

"अठ्ठावन्न!" काजल हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अन् कापले काय? तर माह्ये बैल!"

"आता मूळ चित्रं कुठून आणायची?" मी विचारलं.

"माह्या फोनात हायत. पण आधी तिच्या मशीनले बारीक करू द्या."

गार्गीने दात आवळून एमपीथ्री केली. फाइल लहान झाली, पण आवाज संपून पुन्हा सुरू होताना दरवेळी क्षणभर खंड पडू लागला.

"उचकी लागली मशीनले," काजल म्हणाली.

"तू गप बस!"

"ओजीजी करून बघ," मी म्हणालो. पाच एमबी झाले आणि घरघर सलग फिरू लागली. मग काजलने फोन केबलला जोडला, पण चित्रं कॉपी करू न देता थेट फोनातूनच लावली. बैल रस्त्यावरून चालू लागला, त्याच्या पायांमधून डांबर दिसत होतं. सगळं मिळून तेवीस एमबी.

पाचला दहा मिनिटं होती. काजलने कीबोर्ड ओढला आणि पहिल्या पडद्यावर, गार्गीच्या नावाच्या वर, आपलं नाव टाइप केलं.

गार्गीचा हात माऊसवर गेला. "वर कशाला?"

"खोडून पाह्य. फोन माह्याच हाताशी हाय, केबल उपसली का बैल गेले."

घड्याळाचा काटा सरकत होता. गार्गीने नाव खोडलं नाही. फाइल पाठवली.

काजलने फोन सोडवला, पेनड्राइव्ह उपसला, त्याला टोपण लावलं आणि ती एसटी स्टँडकडे चालायला लागली. गार्गीची स्कूटी दाराशीच उभी होती. गार्गीने "सोडू का?" असं विचारलं नाही, काजलने तिकडे पाहिलं नाही.