पेवातला जोंधळा

मित्रांनो, मी एक जुने पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. माझे तोंड अरुंद, पण पोटात पन्नास पोती जोंधळा सहज मावायचा. दुष्काळात कराडपलीकडची ही आमची सगळी आळी माझ्याकडे आशेने बघायची. मला बोलता येत नाही. आत आलेली हाक मी फक्त परत पाठवते.

बंद पेवातली हवा विषारी होते. म्हणून तोंडावरचा दगड काढून दिवसभर वारा लागू द्यायचा, मग दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचे नाही. माझ्या मालकाला, नाथाजीला हे ठाऊक होते. पण बेंदराच्या सणाला पाहुणे यायचे होते आणि दळण संपले होते. दगड काढून तो तसाच उतरला.

"जोंधळा लय ब्येस हाय गं, पाटी सोड!" असे ओरडला आणि गप्प झाला.

नाथाजी मोठा थट्टेखोर. आत बसून भुतासारखे घुमायची त्याला खोड होती. म्हणून त्याची बायको बनुबाई वर हसत बसली. "आवं, पुरी झाली सोंगं! या वर."

तिने सोडलेली पाटी रिकामीच वर आली, तेव्हा तिचे हसू थांबले.

त्यानंतर चाळीस वर्षे माझ्यावर दगड होता. त्या घरात 'ज्वारी' म्हणत. 'जोंधळा' कुणी म्हणत नसे.

परवा मला मुरमाने बुजवायचे ठरले. बनुबाईची सून संयोगिता मलकापूरच्या शाळेत शिकवते. मुलांना दाखवायला तिला माझ्या तळाचे मूठभर दाणे हवे होते. तिने पहारीने दगड सारला, शिडी सोडली आणि गमतीने आत ओरडली, "जोंधळा!"

होते नव्हते तेवढे बळ लावून मी तो शब्द परत पाठवला. कुणाच्या आवाजात, ते मला सांगता येणार नाही. गोठ्यातली बनुबाई कडब्याची पेंढी टाकून धावत आली. शिडीवर पाय ठेवलेल्या सुनेचा तिने दंडच धरला.

"माघारी हो! आधी कंदील!"

कंदील अर्ध्यातच विझला. संयोगिताने शिडी वर ओढून घेतली.

"आत्याबाई, मला कुणी सांगितलंच नाही."

"कसं सांगू? ते आत मरत हुते, आन् मी वर हसत बसले हुते गं."

म्हातारीने डोळे पुसले. "मुळात कुठनं आला गं त्यो शब्द, जोंधळा?"

"यवनाल म्हणून जुना शब्द आहे, त्याच्यापासून झाला म्हणतात. यव म्हणजे सातू, नाल म्हणजे नळीसारखा दांडा. लय जुना आहे, आत्याबाई."

"आमच्या धन्याच्या आधीचा?"

"कितीतरी आधीचा."

"मग त्येच्या मरणापायी मी त्यो उगाच डांबून ठिवला."

मित्रांनो, मुरमाच्या गाड्या दारात आल्या आहेत. मला बुजवतील, त्याचे दुःख नाही. पण तुमच्या गावात माझे एखादे भावंड असेल, तर तिथे कोण गेले आणि कसे गेले, हे घरच्यांना सांगा. लाज वाटली तरी सांगा. बनुबाईने सांगायला चाळीस वर्षे लावली, आणि तोवर तिची सून शिडीवर पाय ठेवून उभी होती.