पाण्याचा पिंजरा

“आधी हात, मग सुई. जीव घाबरला की त्याचं रक्त खरं बोलत नाही.”

प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचे ते शब्द आठवत तिने पिंजऱ्याचं दार उघडलं, तळहात आत टेकवला आणि ती थांबली. पांढरा उंदीर आला, त्याने मिशांनी बोटं हुंगली आणि तो ओंजळीत शिरला. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारा स्पर्श तो एवढाच. घरी कुलूप लावायला ती आणि उघडायलाही तीच.

उंदरांना मधुमेह होता, रक्तात चरबी चढलेली. एका पिंजऱ्याला नवं संयुग पाजायचं, दुसऱ्याला नुसतं पाणी. संयुगाचा पिंजरा तिचा. पाण्याचा, सगळे जिला ‘वादळ’ म्हणत त्या सहकारी मुलीचा. वादळ उंदीर घाईने उचलायची, पाजायची आणि दार आपटून मोकळी व्हायची. पहिल्या तपासणीत फक्त तिच्या संयुगवाल्यांची चरबी उतरली, तेव्हा तिने धावत जाऊन आईला फोन लावला होता. गावाकडे एकटी राहणाऱ्या आईला हेच दुखणं.

“मग घेऊन ये की तुझं औषध,” आई म्हणाली होती. “मी कुठे पळून जातेय? पाय तर उंबऱ्यापाशीच रुसतात.”

“खरंच लागू पडलं की येतेच. शब्द देते.”

येण्याचा हा शब्द ती वर्षानुवर्षं देत आली होती. मध्ये नेहमी एखादा पिंजरा यायचा.

मग वादळ पाय मुरगळून रजेवर गेली आणि दोन्ही पिंजरे तिच्याकडे आले. पाण्याच्या पिंजऱ्यातले उंदीरही तिच्या ओंजळीत शिरू लागले. आज वादळ परतली, तेव्हा दुसऱ्या तपासणीचे आकडे पडद्यावर होते.

“ताई, पाण्यानेही गुण आला की हो! नळाखालीच दवाखाना काढू या.”

ती हसली नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने रक्त पुन्हा तपासलं. आकडे तेच. पाणी पिणाऱ्या उंदरांची चरबीही तेवढीच उतरली होती.

“तू नसताना तुझ्या पिंजऱ्यात काय बदललं गं?”

“काय बदलणार? तेच खाणं, तेच पाणी...” वादळ थबकली. “तुम्ही.”

तिने पाण्याच्या पिंजऱ्याकडे वळून पाहिलं.

“पहिलेच आकडे पाठवू ना,” वादळ हळूच म्हणाली. “ते काही खोटे नाहीत.”

“खोटे नाहीत. पण ते संयुगाचे आहेत असं कोणत्या तोंडाने सांगू? उद्या हेच औषध कुणाच्या तरी आईच्या पोटात जायचं.” तिने पडदा बंद केला. “पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही पिंजऱ्यांना सारखाच हात.”

वादळने बाही सारली आणि तळहात आत टेकवला. उंदीर कोपऱ्यात आक्रसला. ती थांबून राहिली.

वादळला पिंजऱ्यापाशी सोडून तिने बाहेर जाऊन आईला फोन लावला.

“आई, औषध काही लागू पडलं नाही गं.”

“नाही तर नाही. जेवलीस का?”

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. एक पांढरा केस चिकटला होता.

आत येऊन तिने हात धुतले, कोट खुंटीला अडकवला.

“उद्या दोन्ही पिंजरे तू बघ. घाई करू नकोस.”

“आणि तुम्ही कुठे?”

“शब्द दिलाय.”

तिची रोजची पिशवी टेबलाखालीच राहिली. रिकाम्या हातांनी ती गावाकडच्या गाडीच्या थांब्याकडे चालू लागली.