न करण्याची मजुरी

साठ वर्षांत प्रयागबाईंना पहिल्यांदाच कुणी काही न करण्याचे पैसे देऊ केले, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

कळस गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा चार एकर माळ. कुसळी गवत, बोरीची झुडपं आणि ओघळीच्या काठाला लांडगिणीचं बीळ. मुलगा दिग्विजय तिथं पाइपलाइन आणून ऊस लावायला टपलेला. बाईंचा जीव मात्र माळावर, त्यांची वीस मेंढरं तिथंच चरत. अशात पुण्याच्या एका संस्थेची श्रेया आली. माळ राखला आणि लांडगीण राहिली, तर वर्षाला एकरी दहा हजार. दिग्विजयनं तोंड वाकडं केलं, पण वर्षभर थांबायला कबूल झाला.

“मग काम काय करायचं?” प्रयागबाईंनी विचारलं.

“काहीच नाही, आजी. आहे तसं राहू द्यायचं.”

पहिला हप्ता जमा झाला आणि बाईंना अन्न गोड लागेना. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपून खाल्लेलं. फुकटचं पचणार कसं? पोरगी काम सांगायला विसरली असेल, असं त्यांनीच ठरवलं. शेजारच्या सारजाला घेऊन दहा दिवस राबल्या. बोरी तोडल्या, कुसळी उपटली. लेकुरवाळीच्या दारात काटे कशाला, म्हणून बिळाच्या तोंडचा झाडोरासुद्धा काढला. माळ अंगणासारखा लख्ख झाला. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती!

श्रेया आली ती बघतच राहिली. आडोसा गेल्यावर लांडगिणीनं एकेक पिलू तोंडात धरून नेलं होतं. संस्थेनं बिळासमोर लावलेल्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. बीळ रिकामं, म्हणजे पुढचे हप्ते बंद.

“बरं झालं, नांगरायचं काम निम्मं झालं,” म्हणत दिग्विजयनं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

काटेच तिचा आडोसा होते, हे श्रेयानं सांगितलं तरी प्रयागबाईंना पुरतं उमजेना. आपलं नेमकं काय चुकलं? मेंढरं आता कुठं न्यायची? डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी श्रेयाचा हात धरला.

“बोरीचं काटं आणून परत टाकते पोरी, त्येचं पैसं नगंत मला. पर मला येवढं सांग, पैसं न्हवतं तवा ती धा वर्सं हितंच ऱ्हायली, मंग पैसं आल्यावरच का गेली गं?”