लॅपटॉपचा नवा आवाज

सरिताच्या जुन्या लॅपटॉपचे स्पीकर इतके मरतुकडे होते की बोलणं ऐकायला कान स्क्रीनजवळ न्यावा लागे. सरिताला ते फार सोयीचं होतं. लाखनीतल्या सासरी तिच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे सासू-सासरे.

नवरा अनुप पुण्यात कंपनीत. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी सरिता इकडेच, कारण सासू धुरपताबाईंचे दुखरे गुडघे. वडिलांपुढे तोंड उघडायची अनुपची छाती नव्हती. बायकोला मात्र त्याने फोनवर युक्ती सांगितली, "तू इथं नोकरी पाय. लेटर हातात आलं का बाबा काय म्हनतीन? तवरोक कोनाले सांगू नको." शूर नवरा असावा तर असा! सरिताने मग गुपचूप अर्ज केले आणि एका कंपनीत शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली.

इकडे सासरे केशवरावांची वेगळीच गडबड. एसटी चालवून चालवून त्यांचे कान अधू झालेले. वर्षावास, म्हणजे बौद्धांचे पावसाळ्यातले प्रवचनांचे महिने, सुरू होता, विहार लांब, म्हणून गल्लीतल्या म्हाताऱ्या संध्याकाळी त्यांच्याकडे सरिताच्या लॅपटॉपवर प्रवचन ऐकायला येत आणि काहीच ऐकू न येता हात जोडून परत जात. केशवरावांना ते बघवेना. सुनेला चकित करायचं म्हणून त्यांनी लॅपटॉप हायवेवरच्या भैय्यालालच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. भैय्यालालने सीडीचा कप्पा काढून तिथे टीव्हीचे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवला. इअरफोनच्या भोकातून वायरी ओढल्या आणि भोक बुजवून टाकलं.

"आता तलावाच्या पारीवर आयकू जाईन, बेटा," म्हणत केशवरावांनी तो तिच्यापुढे ठेवला, तोही नेमका मुलाखतीच्या सकाळी. सरिताने हसून दाखवलं.

फोनवरून नेट घ्यायचं होतं आणि मुलाखत लॅपटॉपवरच हवी, असं कंपनीने बजावलं होतं. आवाज कमी करायला जावं तर एकदम बंदच पडे, नाहीतर दणका. दुसरी संधी मिळणार नव्हती. आवाज दबावा म्हणून तिने लॅपटॉपखाली गोधडीची घडी ठेवली आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं.

"नमस्कार, सरिता मॅडम!"

काम मराठी ग्राहकांचं, म्हणून मुलाखतही मराठीत. मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या बाईंचा संथ, गोड, स्वच्छ आवाज घरभर झाला आणि गल्लीत गेला. रोज प्रवचनाला येणाऱ्या कौशल्याबाईंना वाटलं, आज प्रवचन सकाळीच लागलं. त्या एकट्या जाणाऱ्या नव्हेत. प्रवचनाची पांढरी लुगडी नेसायला वेळ कुठला! हाकाहाक झाली, सगळ्या होत्या तशा आल्या, पडदा सारून सतरंजी अंथरली आणि हात जोडून बसल्या.

चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल, असं बाई विचारत होत्या.

"राग आवरावा म्हनते वो," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "खरं हाय."

सरिताला रडावं की हसावं कळेना. पण ती बोलली, आणि काय सुंदर बोलली! या घरात एवढं सलग ती कधी बोललीच नव्हती. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

"निवड जवळपास नक्की समजा," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुण्याला राहायला याल ना?"

केशवराव उंबऱ्यात उभे होते. शब्दन् शब्द त्यांना ऐकू आला होता. ते रागावले असते तर सरिता भांडली तरी असती. पण ते शेजारी येऊन बसले आणि कौतुकाने स्क्रीनला नमस्कार केला. "म्याडम, आमच्या सुनेले तुमी पसंत केलं, लय बरं वाटलं. पन थे नाई येत. तिच्या सासूले तिच्याबिगर घडीभर करमत नाई. लेकीवानी हाय आमची."

धुरपताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हाताऱ्याही गहिवरल्या.

"सरिता मॅडम, मला तुमचं उत्तर हवंय."

सरिताला ओरडावंसं वाटलं, येते, आजच येते! पण अख्खी गल्ली समोर बसलेली. एवढ्या बायांदेखत सासऱ्यांचा शब्द खाली पाडायचा?

"मामाजी म्हणतात तसंच," ती पुटपुटली.

"आवाज येत नाहीये, मॅडम. जरा मोठ्यानं बोलता?"

सरिताने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.